घर सोडायची वेळ आली तर: सांगलीतल्या बायकांनी विचारलेले प्रश्न

मी सांगलीत बायकांच्या निवाऱ्याच्या कामात बरीच वर्षं आहे. फोनवर, एसटी स्टँडच्या बाकावर, सिव्हिलच्या व्हरांड्यात जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात ते इथं घेतलेत, जमेल तितके विचारणारीच्या शब्दांत. वाचण्याआधी एक बघा: हातातला फोन घरातलं दुसरं कुणी तपासतं का? तसं असेल तर शेजारणीच्या किंवा बहिणीच्या फोनवर वाचा, आणि वाचून झालं की हिस्टरी पुसून टाका.

आत्ता मारहाण चाललीय. पहिला फोन कुणाला करू?

११२. दुसरा विचार नको. पळायचंच झालं तर स्वयंपाकघरात शिरू नका, तिथं विळी असते, गॅस असतो. अंगणात या, ओरडा, शेजाऱ्यांना ऐकू जाऊ दे. धोका टळला की १८१ लावा. ही महिला हेल्पलाइन चोवीस तास चालते, पैसे पडत नाहीत. फोन पोरगं करणार असेल तर १०९८.

निवारा म्हणजे आश्रमात जाऊन पडायचं का?

'आश्रम' म्हटलं की बायकांच्या डोळ्यांपुढं पांढरी लुगडी आणि सकाळची प्रार्थना येते. तसं काही नसतं. तीन वेगवेगळ्या जागा आहेत आणि लोक त्यांची गल्लत करतात, म्हणून जरा सविस्तर सांगते.

पहिली जागा सखी वन स्टॉप सेंटर. ही योजना २०१५ पासून आहे. रात्री दोन वाजता आलात तरी घेतात. समुपदेशन, पोलीस, वकील, दवाखाना यांची जोडणी एकाच ठिकाणी होते, पण मुक्काम पाच दिवसांपुरता. श्वास घ्यायची जागा समजा. दुसरी शक्ती सदन. जुन्या बायका तिला अजून 'स्वाधार'च म्हणतात, कारण २०२२ मध्ये केंद्राचं मिशन शक्ती आलं तेव्हा स्वाधार गृह आणि उज्ज्वला (गॅसची नव्हे, तस्करीतून सुटलेल्या बायकांची) या योजना एकत्र करून हे नाव दिलं. इथं महिनोन्‌महिने राहता येतं. जेवण, कपडे, औषधपाणी, शिकायचं असेल तर काही शिकणं, वकिलाची मदत, हे सगळं त्यात येतं. जवळ जागा नसली तर बाईला शेजारच्या जिल्ह्यात पाठवावं लागतं. लांब जायला बायका घाबरतात, पण नवरा ओळखीपाळखीचा आणि हात लांब असलेला असेल तर लांबच बरं. तिसरी जागा सखी निवास, म्हणजे नोकरी करणाऱ्या बायकांचं वसतिगृह. तिथं भाडं भरावं लागतं, म्हणून ते सहसा नंतरच्या टप्प्यावर.

पहिल्या रात्री बहुतेक जणी झोपत नाहीत. दाराला आतून कडी आहे ना, हे उठून उठून बघतात. तासगावकडची एक जण पहाटे चारला उठून सगळ्यांच्या भाकऱ्या थापायला बसली. कुणी सांगितलं नव्हतं. उठायला उशीर झाला तर काय होतं, हे तिच्या अंगात मुरलेलं होतं. तिसऱ्या आठवड्यात ती साडेसहापर्यंत झोपली, तेव्हा आमच्या स्वयंपाकाच्या मावशींनी काही न बोलता शिरा केला.

नियम असतात, आणि त्यातले काही मलाही पटत नाहीत. जी बाई नवऱ्याला विचारल्याशिवाय दारात उभी राहू शकत नव्हती, तिला इथंही बाहेर जाताना रजिस्टरमध्ये सही करून कारण लिहावं लागतं. सुरक्षिततेसाठी ते हवं, हे खरं. पण पहिल्याच दिवशी ते का आहे हे तिला नीट सांगायला हवं, आणि ते दर वेळी होत नाही.

आधी पोलिसात तक्रार द्यावी लागते का? मला त्याला आत टाकायचं नाही.

नाही. हा गैरसमज इतका घट्ट आहे की कितीतरी बायका त्यापायीच दार ठोठावत नाहीत. कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याखालचे नियम स्पष्ट आहेत: तुमचा कौटुंबिक घटना अहवाल, म्हणजे झालेल्या छळाची सरकारी नोंद, अजून नोंदवलेली नाही, या कारणावरून निवारागृहाला तुम्हाला परत पाठवता येत नाही. निवाऱ्यात राहणं म्हणजे केस नाही, घटस्फोटही नाही. काही जणी चार महिने राहून एकही कागद न करता वेगळ्या झाल्या, काही जणी आठव्या दिवशी वकिलाकडे गेल्या. दोन्ही चालतं.

तो मारत नाही. मग मी इथं येऊ शकते का?

कौटुंबिक हिंसाचाराचा २००५ चा कायदा चार प्रकारची हिंसा मानतो: शारीरिक, लैंगिक, शाब्दिक-मानसिक आणि आर्थिक. पगार हातात आला की काढून घेणं, किराण्याला पैसे न देणं, दागिने परस्पर गहाण टाकणं, मुलगा होत नाही म्हणून टोचणं, माहेरच्यांशी बोलू न देणं, हे सगळं त्यात बसतं. आणि हा कायदा फक्त बायकोसाठी नाही. विधवा सून, घरात छळली जाणारी बहीण, मुलाचा मार खाणारी आई, लग्नासारखं नातं ठेवून एका घरात राहिलेली बाई, सगळ्यांना लागू होतो. धर्म कुठलाही असो.

पोरांना घेऊन येता येईल का?

येईल. घेऊनच या. "आधी मी जाते, मग पोरांस्नी नेते" असं ठरवलेल्या बायकांचे नंतर फार हाल होतात, कारण पोरं मागं राहिली की तीच दोरी होते.

पाच वर्षांखालचं मूल सहसा आईकडेच असावं, असं हिंदूंच्या पालकत्वाचा १९५६ चा कायदा सांगतो. मोठ्या मुलांचा तात्पुरता ताबा हिंसाचाराच्या कायद्याखालच्या अर्जातच मागता येतो, वेगळी केस लागत नाही. सासरचे "पोरं पळवली" म्हणून गावभर सांगतील. सांगू दे.

खरी अडचण वेगळीच आहे. मुली कितीही वयाच्या असोत, आईबरोबर राहतात. मुलगा मात्र बारा वर्षांपर्यंतच. आठवीतलं पोरगं घेऊन आई दारात उभी राहते आणि तिला सांगावं लागतं की हा इथं राहू शकत नाही. बाकीच्या बायका-मुलींच्या सोयीसाठी नियम आहे हे कळतं. पण तेरा वर्षांचं पोर, जे आईला वाचवायला मध्ये पडून स्वतः मार खाऊन आलंय, त्याला 'पुरुष' म्हणून बाहेर ठेवताना आमचीही जीभ अडखळते. मग बालकल्याण समितीमार्फत बालगृह, समाजकल्याणचं वसतिगृह, नाहीतर मामाचं घर, असं काहीतरी बघतो. माझ्या डोळ्यांदेखत दोघी तिघी या एकाच कारणानं सासरी परत गेल्यात. तुमचा मुलगा त्या वयाचा असेल तर निघण्याआधीच फोन करा, म्हणजे त्याची सोय आधी लावता येते.

शाळेचं म्हणाल तर आठवीपर्यंत जुन्या शाळेचा दाखला नाही म्हणून प्रवेश अडवता येत नाही, शिक्षण हक्काच्या कायद्यात तसं लिहिलंय. यात एक मेख आहे. दाखला मागवला की नव्या शाळेचं नाव जुन्या शाळेत कळतं, आणि तिथून बापाला कळायला दोन दिवस पुरतात. म्हणून आधी प्रवेश, दाखला सावकाश.

पोरं पहिल्या महिन्यात विचित्र वागतात, त्याला घाबरू नका. एक सहा वर्षांचा मुलगा होता, कुणी ताट जरा जोरात ठेवलं की पलंगाखाली जाऊन बसायचा. त्याला कुणी ओढून काढलं नाही. त्याचं ताट आम्ही तिथंच सरकवायचो.

निघताना काय काय घ्यायचं?

जीव वाचवून पळायची वेळ असेल तर काहीही नाही. अंगावरच्या कपड्यांनिशी या, बाकीचं नंतर बघू. स्त्रीधन, कागद परत द्यायला लावायचे अधिकार कोर्टाला आहेत.

चार दिवस हातात असतील तर आधार, रेशनकार्ड, पोरांचे जन्मदाखले, बँकेचं पासबुक आणि लग्नाचा एखादा पुरावा यांचे फोटो काढा आणि विश्वासाच्या माणसाला पाठवून आपल्या फोनमधून पुसा. मूळ कागद एकदम उचलले तर कपाट उघडल्याबरोबर कळतं. आमच्याकडची एक जण रोज एक कागद दळणाच्या डब्यात घालून गिरणीशेजारच्या मैत्रिणीकडे पोचवायची. अकरा दिवस लागले. रोजची औषधं विसरू नका. एसटीला बायकांना निम्मं तिकीट आहे, तरी पदराला दोनशे-पाचशे बांधलेले असू द्या.

फोनबद्दल कडक सांगते. लोकेशन बंद करा. फोनमधलं गुगल खातं नवऱ्यानं काढून दिलेलं असेल तर तो घरी बसून तुम्ही कुठल्या चौकात आहात हे बघू शकतो. शक्य असेल तर जुना फोन बंद करूनच निघा. दुसरी गोष्ट बँकेची. लाडक्या बहिणीचे दीड हजार तुमच्या खात्यात येतात, पण खात्याला नंबर त्याचा जोडलेला असतो, मेसेज त्याला जातो, ओटीपी त्याला जातो. नवं सिम घेतलं की पहिल्या आठवड्यात आधार केंद्रावर आणि बँकेत जाऊन नंबर बदला. आधारला अंगठा तुमचा लागतो, जुना नंबर हातात असायची गरज नाही.

तो शोधत येईल. त्याला पत्ता सांगतील का?

तुमची इच्छा नसेल तर तुम्ही तिथं आहात हे ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याला कळवायचं नाही, असं नियमच सांगतो. गेटवर येऊन कुणी रडलं, हात जोडले, आमदाराचा फोन लावला, तरी "अशी कुणी इथं नाही" एवढंच उत्तर मिळतं.

बहुतेक वेळा तो काय करतो, तर ठाण्यात जाऊन 'मिसिंग' दाखल करतो. मग पोलीस शोधायला लागतात. त्यावर उपाय सोपा आहे: सखी केंद्रातून किंवा आमच्यापैकी कुणाला बरोबर घेऊन जवळच्या ठाण्यात जबाब द्या की मी सज्ञान आहे, स्वतःच्या मर्जीनं घर सोडलंय, माझा पत्ता सासरी देऊ नये. तेवढ्यावर शोध थांबतो.

आणि स्टेटसला फोटो टाकू नका. हे सांगायला लागतंय, कारण एकीनं संक्रांतीच्या हळदीकुंकवाचा फोटो टाकला आणि मागच्या भिंतीवरच्या पाटीवरून तो येऊन उभा राहिला.

दवाखान्यात काय सांगायचं?

खरं. सिव्हिलच्या केसपेपरवर "बाथरूममध्ये पाय घसरला" लिहिलं गेलं की पुढं कोर्टात तोच कागद तुमच्या विरुद्ध उभा राहतो. सासू बरोबर आली असेल तर नर्सला म्हणा, मला एकटीला बोलायचंय. 'नवऱ्यानं मारलं' हे शब्द लिहून घ्यायला लावा, एमएलसी, म्हणजे पोलिसांना कळवायची दवाखान्यातली नोंद, करायला सांगा, कागदाची प्रत ठेवा. हिंसाचाराच्या कायद्याखाली तुम्ही किंवा संरक्षण अधिकाऱ्यानं मागणी केली तर उपचार द्यावेच लागतात.

संरक्षण अधिकारी म्हणजे पोलीस का?

नव्हे. महिला व बालविकास खात्याचा अधिकारी. घटना अहवाल भरणं, कोर्टात अर्ज लावणं, निवारा मिळवून देणं ही त्यांची कामं. तुम्ही राहता तिथला कोण, हे १८१ वर किंवा अंगणवाडीताईंकडून कळतं. अर्ज प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर चालतो. कायदा म्हणतो की पहिली तारीख साधारण तीन दिवसांत आणि निकाल साठ दिवसांत लागावा. तारखा प्रत्यक्षात लांबतात, म्हणून अंतरिम, म्हणजे निकालापर्यंतचा तात्पुरता आदेश पहिल्याच अर्जात मागा. आदेश झाल्यावर त्यानं तो मोडला तर एक वर्षापर्यंत कैद, वीस हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

वकिलाच्या फीची काळजी नको. बाईला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, १९८७ च्या कायद्यानं. विजयनगरला जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस आहे. तालुक्याच्या कोर्टातही समिती असते. फोनवर १५१००.

मी अथणीला दिलेली आहे. माहेर जतकडं. केस कर्नाटकात लढू का?

जत, कवठेमहांकाळ, मिरज या पट्ट्यात हा प्रश्न दर महिन्याला येतो. सोयरिकी सीमा बघून होत नाहीत. बाई जिथं तात्पुरती जरी राहत असेल तिथल्या कोर्टात अर्ज करता येतो. निवारागृहात राहत असाल तर तिथलंही कोर्ट चालतं. गुन्हा नोंदवायचा असेल तर कुठल्याही ठाण्यात झिरो एफआयआर होतो, हद्दीचं कारण ऐकून घेऊ नका. छळाचं जुनं ४९८-अ कलम १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत ८५ आणि ८६ झालंय. मराठी-कन्नड कागदांचं भाषांतर करून घ्यायला वेळ लागतो, तेवढं धरून चला.

सगळे म्हणतात मिटवून घ्या.

म्हणणारच. तंटामुक्तीवाले म्हणतात, भावकी म्हणते, ठाण्यातला हवालदार म्हणतो. एका ठाण्यात माझ्यादेखत एका साहेबांनी नवऱ्याच्या हातावर टाळी दिली, बायकोला म्हणाले, "जा नांदायला, परत हात लावला तर मला सांग." त्यानं हात लावला. तिनं सांगायला फोन केला तर साहेबांची बदली झालेली.

समेट वाईट असतो असं मी म्हणणार नाही. व्हायचा असेल तर तो कागदावर आणि बाई सुरक्षित जागी असताना व्हावा. चावडीत चाळीस माणसांपुढं, पदर डोक्यावर घेऊन उभ्या बाईचा होकार हा होकार नसतो. कुणी दडपण आणलं तर एवढंच म्हणा, "लेखी द्या, मी वकिलाला दाखवते." निम्मे लोक तिथंच उठतात.

घर माझंही आहे. मीच का बाहेर पडू?

बरोबर विचारलंत. बाईला सामायिक घरात राहण्याचा हक्क आहे, घर कुणाच्याही नावावर असो. घर सासूसासऱ्यांच्या नावावर असलं तरी ते सामायिक घर ठरू शकतं, असं सुप्रीम कोर्टानं २०२० मध्ये सांगितलं. कोर्ट नवऱ्याला घराबाहेर राहायला सांगू शकतं. किंवा तुम्हाला तशाच दर्जाची दुसरी जागा द्यायला, नाहीतर तिचं भाडं भरायला लावू शकतं. हे हिंसाचाराच्या कायद्याचं कलम १९. ते लक्षात ठेवा, कारण पुढं खोलीचा विषय येणार आहे.

पण हक्क असणं आणि त्या घरात रात्री डोळा लागणं या दोन गोष्टी. आधी जीव, मग घर. बाहेर पडल्यानं हक्क जात नाही.

माहेरी का जाऊ नये?

जावं, घेत असतील तर. खूप जणी पहिल्यांदा तिथंच जातात. दोन महिने लाड होतात, मग वहिनीची भांडी आदळायला लागतात. भावाला दोष देऊन उपयोग नाही, दोन खोल्यांत तो तरी काय करणार.

पण विषय निघालाच आहे म्हणून सांगते. आपल्याकडं भाऊ हक्कसोडपत्रावर सही मागतो, बहीण साडीचोळीवर देऊन टाकते, आणि दहा वर्षांनी तीच बहीण डोक्यावर छप्पर शोधत आमच्याकडं येते. वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीनं हिंदू घरातल्या मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच वाटा आहे. सातबाऱ्यावरचं नाव सोडू नका. भाऊबीज त्यानं थांबत नाही, आणि थांबली तर ती कसली भाऊबीज.

पैशाचं काय?

पोटगी हिंसाचाराच्या अर्जातही मागता येते आणि नागरिक सुरक्षा संहितेच्या १४४ खाली वेगळीही. ती हातात पडेपर्यंत संजय गांधी निराधार योजनेतून महिन्याला दीड हजार मिळू शकतात, त्यात परित्यक्ताही बसतात. अर्ज तहसीलला. मुलांसाठी बालसंगोपन योजना आहे, एका मुलामागं महिन्याला २,२५० रुपये. पैसे उशिरा येतात, पण येतात.

निवाऱ्यातून बाहेर पडल्यावर राहायचं कुठं?

या एका प्रश्नासाठी बाकीचे सगळे लिहिले असं समजा. "मार खाते तरी परत का जाते?" असं लोक आम्हाला विचारतात. प्रेम, भीती, संस्कार, सगळी उत्तरं तयार असतात. माझा अनुभव असा की ती बऱ्याचदा खोली मिळत नाही म्हणून परत जाते.

सांगलीत एकटीला खोली मागायला जाऊन बघा. मी गेलेय, कितीतरी जणींबरोबर. पहिला प्रश्न भाड्याचा नसतो. "मिस्टर काय करतात?" हा असतो. ते नाहीत म्हटलं की मालकीणबाई आत जाऊन बघून येतात आणि म्हणतात, "कालच दिली हो." पाटी दारावर लटकतच असते. कुपवाडच्या एमआयडीसीत पॅकिंगचं काम लागलेली एक जण, पगार हातात, दोन मुली. अकरा घरं फिरलो. बारावं घर एका विधवा आजींचं. त्यांनी मुलींकडं बघून एवढंच विचारलं, "पाणी सकाळी साडेपाचला येतंय, उठशील?"

यातून जे शिकलो ते सांगते. दोघी मिळून खोली घ्या. डिपॉझिट निम्मं होतं, एकीची पाळी रात्रीची असली तर दुसरी पोरांपाशी असते, आणि मालकांना का कोण जाणे दोन बायका एकीपेक्षा कमी धोक्याच्या वाटतात. कामाच्या जवळ घ्या, सासरच्या गावच्या एसटीमार्गावर नको. भाडेकरार नोंदवूनच घ्या, मालक टाळत असेल तरी, कारण रेशनकार्ड, गॅस, शाळा, बँक या सगळ्यांना पत्त्याचा कागद लागतो, आणि नवऱ्याच्या पत्त्याशिवायचा तुमचा तो पहिला कागद असतो. भाड्याची पावती जपा. कलम १९ खाली भाडं मागताना ती कोर्टात लागते.

आम्ही पहिले सहा महिने खोलीवर जात राहतो. सोबत म्हणतो ती हीच. गॅस संपला, पोराला ताप आला, नवरा कारखान्याच्या गेटवर दिसला, असं काहीही असलं तरी कुणाला तरी फोन करता यावा. यासाठी सरकारी पैशाचं हेड नाही. वर्गणीवर चालतं.

जाता जाता सांगते, ही मागणी नवी नाही. कासेगावच्या इंदुताई पाटणकर आणि स्त्री मुक्ती संघर्ष चळवळीनं १९८० च्या दशकात याच भागातल्या परित्यक्तांना घेऊन वेगळं रेशनकार्ड मागितलं होतं, घरासाठी जागा मागितली होती. वेगळं रेशनकार्ड आज निघतं, हेलपाटे मारून का होईना. घरजागेसाठी अजून ऑफिसं झिजवतोय.

मी परत गेले आणि पुन्हा तेच झालं तर? पुन्हा घेतील?

घेतील. कुणी "मागच्या वेळी गेलीसच की" असं म्हणालं तर माझ्याकडं पाठवा. तिसऱ्यांदा, चौथ्यांदा आलेल्या बायका आहेत. एक जण पाचव्यांदा आली तेव्हा कपाटातली तिची जुनी चादर तिनं स्वतःच काढून घेतली. फक्त परत जाताना एवढं करा: कागदांचे फोटो आमच्याकडं ठेवा, मुलाला १०९८ पाठ करून घ्या, आणि आमचा नंबर फोनमध्ये 'गिरणीवाली' नाहीतर 'पार्लर' अशा नावानं ठेवा.